‘पार्टनर’ म्हणता ना? मग गाडीच्या खर्चातही पार्टनर व्हा!

डिलिव्हरी करणाऱ्या पोराला कंपनी कामगार म्हणत नाही. ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणते. शब्द गोड आहे, म्हणून जरा खरवडून बघू.

पार्टनरशिपमध्ये दोघं भांडवल घालतात आणि नफा वाटून घेतात, बरोबर? इथं गाडी पोराची, हप्ता पोराचा, पेट्रोल पोराचं, मोबाईल आणि त्यातला डेटाही पोराचाच. कंपनीचं काय, तर ॲप. दर कंपनी ठरवते, इन्सेन्टिव्हचे टप्पे कंपनी बदलते, आयडी बंद करायचा अधिकारही तिचाच. असला पार्टनर आमच्या भोरच्या बाजारात कुणी भाजीच्या गाळ्यालासुद्धा घेणार नाही.

आपल्या शिवऱ्याकडची, नसरापूरच्या आतल्या वाड्यांवरची, वेल्ह्याकडची (कागदावर आता राजगड तालुका) पोरं हे काम करायला पुण्यात जातात. कात्रजपर्यंतच वीसेक किलोमीटर. ते अंतर कुणाच्याच हिशोबात नाही, कारण काम सुरू होतं ते ॲप चालू केल्यावर. रात्री अकरा-बाराला नवले पुलाचा उतार, ट्रकांच्या मधून परत घरी. तेही फुकट.

आता सरळ हिशोब मांडू. धरा, जाऊन-येऊन आणि दिवसभर मिळून १२० किलोमीटर पळाला. ४५ चं ॲव्हरेज धरलं तर पावणेतीन लिटरच्या आसपास. शंभरावरच्या भावानं रोजचे पावणेतीनशे रुपये पेट्रोलला गेले. महिन्याला २६ दिवस धरले तर सात हजारांच्या पुढे. हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारं पुढे आहे. महिन्याला तीन हजार किलोमीटर म्हणजे आपण तीन-चार महिन्यांनी बदलतो ते ऑईल त्याला दर महिन्याला बदलावं लागतं. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट, टायर, सगळं तिप्पट-चौपट वेगानं झिजतं. हप्ते फिटेपर्यंत गाडीचा खुळखुळा झालेला असतो. महिन्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट टाकून ‘पोरं बघा किती कमावतात’ म्हणणाऱ्यांनी त्यातून गॅरेजवाल्याचं बिल वजा करून दाखवावं. घराला लागणारा पैसा तो. उरलेला पगार नाहीच, गाडी थोडी थोडी विकून आलेले पैसे आहेत.

आणि विमा! साध्या दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर नाही, मालवाहतूक नाही. म्हणजे ऑर्डर पोचवताना गाडी ठोकली तर नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीच्या हातात आयतं कलम. कामावर असतानाचा अपघात विमा बहुतेक ॲपवाले देतात, हे खरं. पण तो माणसाचा. गाडी मोडली तर दुसऱ्या दिवशी काम बंद, हप्ता चालू.

कायदा आहे की, असं म्हणणारे येतील कमेंटमध्ये. आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात गिग कामगार हा शब्द आला हे चांगलंच झालं. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. एका ऑर्डरला पोराला ४० रुपये मिळाले, तर त्यावर जास्तीत जास्त दोन रुपये. त्यातून अपघात, आजारपण, म्हातारपण सगळं भागवायचं. गाडीच्या झिजेबद्दल तर अक्षर नाही.

३१ डिसेंबर २०२५ ला या लोकांनी देशभर संप पुकारला, तेव्हा झोमॅटो, स्विगीनं त्या रात्रीपुरते दर वाढवून दिले. सणासुदीची नेहमीची पद्धत आहे म्हणाले. असेल. पण म्हणजे देता येतात, एवढं तर कळलं ना? नंतर दहा मिनिटांची जाहिरात ब्लिंकिटनं काढली, त्याचंही कौतुक झालं. ऑईलचा खर्च मात्र पोराच्याच खिशातून.

मला राग आपल्या सरकारचा जास्त येतो. कारण याचं उत्तर महाराष्ट्रानंच शोधलेलं आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला तरी एक मालक कुठं होता? आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. तेव्हाही व्यापारी हेच म्हणत, हा आमचा नोकर नाही. अण्णासाहेब पाटलांची चळवळ, इकडे पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, त्या लढ्यांतून कायदा झाला. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना. आणि लेव्ही पाच टक्क्यांहून कितीतरी जास्त. हमालाचा मालक रोज बदलला तरी मंडळ बदलत नाही. ॲपसाठी हे आणखी सोपं, प्रत्येक ऑर्डरची नोंद तर कंपनीकडेच असते!

माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते, हा आक्षेप येणार. चालते, या पट्ट्यातल्या कारखानदारांना विचारा. पण खंडणीखोराला आत टाका, त्यासाठी हमालाचा फंड का बुडवायचा? राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला, कर्नाटकनं २०२५ मध्ये. माथाडी कायदा देशाला दाखवणारा महाराष्ट्र मागे.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. ऑर्डरमागे लेव्ही, माथाडीसारख्या मंडळात. आणि गाडीचा खर्च किलोमीटरमागे वेगळा, मजुरीत न मिसळता, रिकाम्या परतीच्या किलोमीटरसकट. ग्रामीण डाकसेवकाला सरकार अजून पूर्ण नोकर मानत नाही, पण त्यालाही सायकल देखभाल भत्ता मिळत आलाय. म्हणजे वाहन झिजतं हे टपाल खात्याला कळतं.

जिल्हा परिषदेला, विधानसभेला जे मतं मागायला येतात, त्यांना गावच्या पारावर हे दोन प्रश्न विचारा. आणि पोरांनो, तोवर तुमची पॉलिसी काढून वापराच्या मर्यादांचा भाग वाचा, ई-श्रमवर नोंदणी करून घ्या, रोजचं किलोमीटर रीडिंग आणि गॅरेजची बिलं एका वहीत ठेवा. मला दाखवायची असतील तर मेसेज करा, नाव येणार नाही.