शालान्त रात्र आणि आमचे पालक

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आम्हां मराठी लोकांवर आळसाचा आरोप कोणी करणार नाहीं. गणपतीचे दिवस आले कीं आठवडाभर कचेरींत राबलेले आमचे गृहस्थ शुक्रवारीं रात्रीं एखाद्या शाळेच्या भाड्यानें घेतलेल्या सभागृहांत मखर उभारतात, खुर्च्या मांडतात, आणि सर्व आटोपल्यावर फरशी झाडून मगच शाळेच्या किल्ल्या परत करतात. पण ज्या शाळेंत स्वतःचीं मुलें चार वर्षें शिकलीं, त्या शाळेच्या एका रात्रीचा मांडव घालावयाची वेळ आली म्हणजे हे हात कोठें जातात? ते चेकवर सही करितात व पुनः खिशांत जातात. ह्या खिशांतल्या हातांविषयीं आम्हांस आज स्पष्ट बोलावयाचें आहे.

प्रसंग आहे तेथील बारावीच्या पदवीदान समारंभाच्या रात्रीचा. प्रशस्तिपत्रें हातीं पडलीं, झगे-टोप्या उतरल्या, कीं सतरा-अठरा वर्षांचीं मुलें मोटारी घेऊन बाहेर पडत, कोणाच्या तरी रिकाम्या घरीं किंवा तळ्याकांठीं बाटल्या उघडत, आणि पहाटे त्याच मोटारी हांकीत परतत. मेन संस्थानाच्या ऑक्सफर्ड हिल्स भागांत १९७९ सालीं ह्याच समारंभाच्या दिवसांत मद्य व मादक पदार्थ ह्यांपायीं सात तरुण दगावले. तो घाव बसल्यावर तेथील लोकांनीं १९८० सालीं रात्रभर चालणारा निर्मद्य मेळावा भरविला, व ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ ह्या नांवानें ती प्रथा देशभर पसरली. पुढें १९८४ च्या कायद्यानें, रस्त्यांचें अनुदान कापण्याचा धाक घालून, मद्य विकत घेण्याची वयोमर्यादा एकवीस करावयास मध्यवर्ती सरकारनें संस्थानांना भाग पाडलें. तें योग्यच झालें. परंतु कायदा रात्रीं दोन वाजतां मुलांची करमणूक करीत नाहीं, आणि पहाटेची न्याहारीहि वाढीत नाहीं. तें पालकांनाच करावें लागतें.

आणि तें काम थोडें नव्हे. व्यायामशाळेच्या खिडक्यांना तपकिरी कागद लावावा लागतो, कारण आंत काय उभें राहत आहे हें मुलांस शेवटच्या घटकेपर्यंत कळतां कामा नये. रेफ्रिजरेटरचीं मोठालीं खोकीं महिना-महिना आधीं दुकानांतून मागून आणून, कापून, रंगवून त्यांचे बोगदे, जहाजें व किल्ल्यांचे बुरूज करावे लागतात. खेळाच्या लाकडी जमिनीवर चरे पडूं नयेत म्हणून ती झांकावी लागते; विजेच्या तारा पायांत येऊं नयेत म्हणून चिकटपट्टीनें जागच्या जागीं बसवाव्या लागतात. फुगे भरणें, मेजें हलविणें, खोट्या पैशांच्या जुगाराचे पट मांडणें, दारावर पिशव्या तपासणें, हें निराळेंच. मध्येंच निघून जाणाऱ्या मुलास पुनः आंत घेत नाहींत व त्याच्या घरीं दूरध्वनि करितात. तेव्हां त्या दारापाशीं जागा राहणारा माणूस हवा. पुष्कळ ठिकाणीं रात्रीचा हा पहारा अकरावीच्या पालकांकडे असतो, म्हणजे आपल्याच आईच्या देखत नाचण्याची पाळी कोणावर येत नाहीं. आपल्याकडे नववीचीं मुलें दहावीस निरोप देतात, त्यांतलाच हा प्रकार, आणि मोठा शहाणपणाचा आहे.

ह्यावर आमच्या मंडळींचें पहिलें उत्तर असें कीं, ‘आमचीं मुलें पीत नाहींत.’ पीत नसतील; आम्ही त्यांचें अभिनंदन करितों. परंतु मोटारीच्या मागच्या बाकावर बसलेला न पिणारा मुलगाहि त्याच मोटारींत असतो, आणि झाड त्याला वगळून आदळत नाहीं. दुसरें उत्तर, ‘ही त्या लोकांची चैन आहे.’ मग त्या चैनीचें तिकीट आपल्या चिरंजीवांसाठीं पहिल्याच दिवशीं कां घेतां? तीन वाजतां संमोहनकाराच्या तालावर कोंबड्यासारखा आरवणारा तो मुलगा आपलाच आहे! बक्षिसांची चढाओढ व दरवर्षीं वाढता थाट आम्हांसहि पसंत नाहीं. पण तो थाट कमी करण्याचा अधिकार सभेस येऊन बसणारालाच पोहोंचतो.

तिसरें उत्तर दिसावयास सभ्य आहे, म्हणूनच तें अधिक घातक. ‘आम्ही पैसे देतों, कंत्राटदाराकडून काम करून घ्या.’ हिशेब साधा आहे. पालक फुकट राबतात म्हणूनच तिकिटाची किंमत आंवाक्यांत राहते, व ज्याच्या घरीं तेवढेहि पैसे नाहींत त्यास गाजावाजा न करतां विनामूल्य आंत घेतां येतें. मजुरी मोजूं लागलां कीं तिकीट चढणार, आणि दाराबाहेर राहणार तीं नेमकीं तींच मुलें, ज्यांना त्या रात्रीं जावयास दुसरी सुरक्षित जागा नाहीं. तुमच्या देणगीचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गणपतीच्या मांडवांत असेंच पैसे फेंकून घरीं निजणाऱ्यास तुम्ही काय म्हणतां, तें आम्ही अनेकदां ऐकलें आहे.

शिडीवर चढून पताका बांधणाऱ्या शेजाऱ्याशीं चार तासांत जी ओळख होते, ती वीस वर्षें एका गल्लींत राहूनहि होत नाहीं. आमचे लोक इतके दिवस तक्रार करितात कीं, येथें आम्हांस कोणी आपलें मानीत नाहीं. शिडीचें दुसरें टोंक धरावयास ते कधीं गेले होते?

मे महिना आला कीं नांवनोंदणीचा तक्ता निघतो. संध्याकाळच्या सजावटीचा रकाना दोन दिवसांत भरतो, कारण तेथें छायाचित्रें निघतात. पहाटे चार ते आठ, न्याहारी वाढणें व मांडव मोडणें, हा रकाना शेवटपर्यंत रिकामा असतो. त्यांत यंदा निदान दहा मराठी नांवें हवींत, आणि येतांना चिकटपट्टी कापावयाच्या सुऱ्या घरूनच आणाव्यात.