रांगेला वेबचं दार हवं, पण पोचपावतीसकट

लंडनमधली यूस्टन, सेंट पॅन्क्रस आणि किंग्ज क्रॉस ही तीन मोठी रेल्वे स्थानकं कॅमडेन या एकाच बरोमध्ये, एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. यूस्टनला फलकाकडे मान वर करून उभी असलेली गर्दी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. फलाट जाहीर झाला की सगळे एकदम धावत सुटतात. गुडघे दुखणाऱ्या आजी आणि बाबागाडी ढकलणारी आई मागे राहतात. फलाटाची बातमी हातातल्या फोनवर वेळेत पोचणं ही त्यांच्यासाठी चैन नाही, गरज आहे.

ही बातमी प्रवास कशी करते? गाडी एखाद्या ठिकाणी पोचली, सुटली, रद्द झाली की त्या प्रत्येक घटनेचा एक छोटा संदेश तयार होतो. 'नेटवर्क रेल' असे संदेश, नोंदणी करणाऱ्या कुणालाही, मेसेज क्यूमधून देते. मेसेज क्यू म्हणजे टपाल कचेरीच समजा. पाठवणारा पत्र टाकून मोकळा होतो. मधला ब्रोकर ते रांगेत सांभाळतो आणि घेणारा आला की त्याच्या हाती देतो. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नसते.

या कचेऱ्यांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत. नेटवर्क रेलचे संदेश 'स्टॉम्प' या साध्या मजकुराच्या भाषेत मिळतात. 'एएमक्यूपी'ची सुरुवात २००३ साली लंडनमध्येच, जेपी मॉर्गन चेसमधल्या जॉन ओहारा यांनी केली. 'एमक्यूटीटी' १९९९ची. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलवाहिन्यांवरची उपकरणं उपग्रहामार्फत जोडण्यासाठी रचली.

अडचण दाराची आहे. एएमक्यूपीचं ठरलेलं पोर्ट ५६७२, एमक्यूटीटीचं १८८३. पण ऑफिसच्या किंवा सार्वजनिक वायफायवर पुष्कळदा फक्त वेबची पोर्टं उघडी असतात. शिवाय ब्राउझरमधल्या पानाला थेट टीसीपी जोडणी उघडताच येत नाही. म्हणजे डेटा खुला असूनही साध्या वेबपानाला तो ऐकू येत नाही. मध्ये कुणीतरी सर्व्हर चालवावा लागतो.

यावर जुना उपाय म्हणजे दर काही सेकंदांनी सर्व्हरला "आलं का? आलं का?" विचारत राहायचं. त्यात बॅटरीही जाते आणि वेळही. चांगला उपाय म्हणजे वेबसॉकेट, २०११च्या डिसेंबरमध्ये प्रमाणित झालेला. सुरुवात नेहमीच्या एचटीटीपी विनंतीने होते, सर्व्हर १०१ या संकेताने होकार देतो आणि तीच जोडणी दोन्ही बाजूंनी बोलण्यासाठी उघडी राहते. आत कोणती भाषा बोलायची तेही सुरुवातीलाच ठरतं. २०१४च्या एमक्यूटीटी मानकात वेबसॉकेटवरून बोलण्याची रीत लिहिलेली आहे. लंडनमध्येच २००७ साली सुरू झालेल्या 'रॅबिटएमक्यू'मध्ये स्टॉम्प आणि एमक्यूटीटी या दोन्हींसाठी तशी सोय मिळते.

माझं मत स्पष्ट आहे: सार्वजनिक पैशातून तयार होणारी माहिती रांगेत असेल, तर त्या रांगेला वेबचं दार असायला हवं. सर्व्हर भाड्याने घेण्याची ऐपत असलेल्यांनाच ऐकू येतो, तो डेटा अर्धाच खुला.

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. सगळंच ४४३ पोर्टवरून जाऊ लागलं तर नुसती पोर्टं बंद करून पहारा ठेवता येत नाही. म्हणून आतला ब्रोकर जसाच्या तसा बाहेर मांडू नये. बाहेरच्यांसाठी वेगळा, फक्त वाचता येईल असा ब्रोकर ठेवावा, आणि जोडणी कोणत्या संकेतस्थळावरून येते आहे ते तपासावं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी बोगद्यात शिरली की फोनची जोडणी तुटते. तेवढ्यात निघालेला संदेश पोचला की नाही, हे वेबसॉकेट सांगत नाही. ते काम आतल्या भाषेने करायचं. स्टॉम्पमध्ये घेणारा पोच देऊ शकतो. एमक्यूटीटीमध्ये संदेश किमान एकदा तरी पोचावा अशी पातळी निवडता येते. मात्र मग तो दोनदाही येऊ शकतो, आणि ते ओळखणं ॲपचं काम. रजिस्टर्ड पत्राची पोचपावती काढून टाकली तर उरतं ते साधं टपाल. घाईघाईत नुसतं वेबसॉकेट जोडून ही पावती गाळणारे कमी नाहीत.

तेव्हा फलाट दाखवणाऱ्या प्रत्येक पानावर शेवटचा संदेश कधी आला ती वेळही दिसली पाहिजे. माहिती नसली तर माणूस विचारतो. जुनी माहिती ताजी म्हणून दिसली, तर तो भलत्याच फलाटावर जाऊन उभा राहतो.