लहान तोंडी मोठा हुकूम

लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, असे आपल्याकडे लेकराला बोलता येऊ लागले की लगेच बजावतात. वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, त्यांच्या बोलण्यात तोंड घालायचे नाही, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की वाकून नमस्कार करायचा. हे सारे अंगी मुरलेले लेकरू एके दिवशी परीक्षा देऊन साहेब होते आणि पहिल्याच सकाळी वडिलांच्या वयाचा माणूस टेबलासमोर उभा राहून विचारतो, "साहेब, हे कसं करायचं?" आता या मुलाने करावे तरी काय?

बँकेतल्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी विसाव्या वर्षी अर्ज करता येतो आणि निवृत्ती येते साठाव्या वर्षी. तेव्हा साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्या वयांत तीस-पस्तीस वर्षांचे अंतर पडले तर नवल नाही. मग नव्या साहेबाची दोन सोंगे पाहायला मिळतात. एक गुरगुरणारे; वय कमी आहे हे कळू नये म्हणून आवाज मोठा. दुसरे गोडगोड, सगळ्यांना काका म्हणायचे, आणि काकांकडे कागद आठवडाभर पडून राहिला तरी विचारायचे नाही. काकांना विचारायचे कसे! पहिल्याचे काम लोक अडवतात, दुसऱ्याचे टाळतात. महिनाअखेर हिशेब सारखाच.

ज्याचा काका खरोखरीचाच काका होता, असा एक तरुण साहेब आपल्या इतिहासात होऊन गेला. ते म्हणजे थोरले माधवराव पेशवे. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली, तेव्हापासून रमा-माधव आपल्या घराघरांत पोचले. पण वाचकहो, आज मला आठवतात ते संसारातले नव्हेत, कचेरीतले माधवराव.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. जूनमध्ये नानासाहेब गेले आणि जुलैत सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. हाताखाली कोण? दहा-अकरा वर्षांनी मोठे, लाहोरपर्यंत मजल मारून आलेले राघोबादादा. आजोबांच्या, म्हणजे पहिल्या बाजीरावांच्या बरोबरीने लढलेले, सत्तरीला टेकलेले मल्हारराव होळकर. कारभारात मुरलेले सखारामबापू बोकील. एवढ्यांना हुकूम द्यायचा, तोही मिसरूड फुटायच्या वयात!

व्हायचे ते झाले. काकांना पुतण्याचा हुकूम रुचेना. त्यांनी निजामाला हाताशी धरले आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावी चुलत्या-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. घरातच दौलतीचा सत्यानाश होणार हे पाहून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांनी पडते घेतले. मग दादासाहेबांचा अंमल सुरू झाला. त्यांनी पटवर्धनांची मिरज काढून घेतली, तेव्हा दुखावलेले गोपाळराव पटवर्धन निजामाला जाऊन मिळाले. जाणत्या माणसाचा पाणउतारा केला की तो रुसून घरी बसत नाही, शेजारच्या दारात जाऊन उभा राहतो. वर्षाच्या आत निजामाच्या फौजेने पुणे लुटले.

१० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला आणि त्या लढाईने पुतण्याची योग्यता सर्वांना दाखवली. तिथून सूत्रे माधवरावांच्या हाती आली. त्यांनी सूड उगवला नाही. तेच गोपाळराव पुढे हैदराविरुद्धच्या मोहिमांत त्यांचे आघाडीचे सरदार झाले. बापूंचा कल दादांकडे आहे हे ठाऊक असूनही त्यांनी बापूंची अक्कल दौलतीच्या कामी लावली. रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. पेशवे स्नानसंध्येत फार रमतात, हे पाहून शास्त्रीबुवा काशीला निघाले. जप करायचा तर गादी सोडावी, गादी हवी तर राज्य पाहावे, असे त्यांनी सुनावले. माधवरावांनी ऐकले. हाताखालच्या माणसाचे खरे बोलणे ऐकून घेतले म्हणून धन्याची पगडी खाली पडत नाही, हे त्यांना कळले होते.

मात्र ऐकणे निराळे आणि हुकूम सोडून देणे निराळे. दादांनी पुन्हा डोके वर काढले तेव्हा १७६८ साली धोडपला त्यांचा पराभव करून माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. काका म्हणून मान होताच. पण दौलतीच्या आड आलेल्या माणसाला काका या शब्दाची ढाल मिळाली नाही. १७७२ साली थेऊरला ते गेले, तेव्हा वय अवघे सत्तावीस. आपल्याकडची मुले त्या वयात पहिली बढती मागत असतात!

कचेरीत ना राक्षसभुवन असते ना धोडप. पण रीत तीच. जुन्या माणसाला विचारावे, तेही खरोखर ऐकायचे असेल तरच. निर्णय ठरवून झाल्यावर सल्ला मागणे हा अपमानच. त्याची चूक दार लावून सांगावी, चार गिऱ्हाइकांसमोर नव्हे. श्रेय त्याचे असेल ते चारचौघांत त्याला द्यावे. आणि निर्णय आपला असावा, म्हणजे तो फसला तर बोलणी आपण खावीत. वडिलकीचा मान नमस्काराने राखला जातोच. पण कामातला मान राखला जातो तो त्यांच्या अनुभवाला काम दिल्याने.

हे मी साहेब झालेल्या मुलांसाठी लिहीत आहे, असे कोणी समजू नये. आपल्या कित्येक घरांत सकाळी ओट्यावर दोन डबे भरले जातात. एक नुकत्याच साहेब झालेल्या मुलाचा, दुसरा निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या वडिलांचा. आणि वडिलांचा साहेब त्यांच्या मुलाच्याच वयाचा असतो. संध्याकाळी चहाच्या वेळी मुलाने एवढेच विचारावे, "बाबा, तुमचा साहेब तुमच्याशी कसा वागतो?" उत्तर नीट ऐकावे. उद्या आपल्या टेबलासमोर जो माणूस उभा राहील, त्याच्याही घरी संध्याकाळी हाच प्रश्न विचारला जाणार आहे.