क्लच चिकटला? आधी दोष शोधा, मग पाना उचला



पाऊस पडतो, राबातले रोप आवणीला येते. गेल्या वर्षापासून उभा असलेला जुना ट्रॅक्टर चिखलणीसाठी सुरू करावा, तर क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, नुसती करकर होते. घाबरून आपण म्हणतो, "उघडा ट्रॅक्टर, बदला प्लेट." खाचर तसेच राहते आणि बिल मात्र उभे राहते.

कांदिवलीत 1960 च्या दशकात बनू लागलेला बी-275 असो की त्या पिढीचा दुसरा कोणता, क्लचचे काम एकच. पेडल दाबले की मधली प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते. शहापूर-मुरबाडच्या दमट हवेत, चिखलणीचे पाणी आत राहिले की गंज चढतो आणि प्लेट धरून बसते. ती झिजलेली असतेच असे नाही.

म्हणून आधी इंजिन बंद ठेवून पेडलची मोकळी चाल पाहा. साधारण एक इंच हवी. नेमके माप पुस्तिकेत असते. चाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटतच नाही. दांडा जुळवा, सांध्यांना ग्रीस द्या. एवढ्यानेही काम होते.

चाल बरोबर असूनही सुटत नसेल तर इंजिन गरम करून बंद करा. सपाट मोकळे शेत पाहा, अवजार काढा, दोन्ही ब्रेक एकत्र अडकवा. वरचा गिअर टाका, क्लच दाबूनच ठेवा, रेस कमी ठेवून स्टार्टर मारा. ट्रॅक्टर जागचा निघेल, म्हणून पुढे-मागे कोणी नको. चालताना ब्रेक दाबा-सोडा. झटक्याने प्लेट सुटते. दोन-चार प्रयत्नांत सुटली नाही, तरच ट्रॅक्टर उघडावा. आत तेल ओतू नये. प्लेट कायमची घसरू लागते.

त्याहून सोपे म्हणजे ही वेळच येऊ न देणे. आवणी उरकली की क्लच हौसिंगखालचे भोक मोकळे करून पाणी जाऊ द्या. पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवा. अधूनमधून ट्रॅक्टर चालवा.

बिल आपण भरतो, तर दोष काय तेही आपल्यालाच कळले पाहिजे. ज्यांना हे जमते त्यांनी येत्या बैठकीत चार जणांना दाखवावे, आणि ज्यांचा ट्रॅक्टर उभा आहे त्यांनी पावसाची वाट न पाहता आजच पेडल दाबून पाहावे.