शाळेच्या कपाटाची किल्ली

अमेरिकेच्या आर्कान्सॉ राज्यात सीडरव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शाळामंडळाने २००२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी एक ठराव केला. शाळेच्या ग्रंथालयातील ‘हॅरी पॉटर’ची पुस्तके उघड्या फडताळावर ठेवू नयेत, ज्या मुलाला ती हवी असतील त्याने आईबापांची सही असलेली चिठ्ठी आणावी. कारण असे, की या पुस्तकांत जादूटोणा आहे आणि त्यांतील मुले वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडतात. तक्रार एका पालकाची होती. तिचा विचार करण्यासाठी बसलेल्या ग्रंथालय समितीतील पंधराच्या पंधरा सभासदांनी पुस्तके कोणत्याही बंधनाविना ठेवावीत असा कौल दिला होता. मंडळातील तिघांनी तो कौल बाजूला सारला.

शाळेतील एका विद्यार्थिनीच्या आईबापांनी न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या घरी ती पुस्तके होती, तरीही न्यायालयाने मुलीचे गाऱ्हाणे खरे मानले. चिठ्ठी मागणे हेच बंधन आहे. मागणाऱ्या मुलावर ‘वाईट पुस्तक वाचणारा’ असा शिक्का बसतो. आणि या पुस्तकांमुळे शाळेत बेशिस्त माजल्याचा एकही दाखला मंडळाजवळ नाही, असे न्यायाधीशांना आढळले. एप्रिल २००३ मध्ये पुस्तके पुन्हा उघड्या फडताळावर आली.

प्रकरण गावापुरते होते. प्रश्न मात्र गावापुरता नाही. २००० ते २००९ या दशकात अमेरिकेत ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक तक्रारी झाल्या त्यांच्या यादीत अमेरिकन ग्रंथालय संघाने याच मालिकेला पहिले स्थान दिले. डिसेंबर २००१ मध्ये न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे एका चर्चने या पुस्तकांची होळी केली. पुढल्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीने खाजगी शाळांतून ती हद्दपार केली. २०१९ साली पोलंडमध्ये काही कॅथलिक धर्मगुरूंनी ती जाळली आणि नंतर क्षमा मागितली. तीन खंड, दोन धर्म; परंतु भीती एकच. मुलाच्या हाती परीकथा पडली की त्याच्या मनातील देव डळमळेल, ही ती भीती.

या भीतीची टिंगल करून प्रश्न सुटत नाही. ज्या आईला बायबलमधील मंत्रतंत्राचा निषेध ही शब्दशः देवाची आज्ञा वाटते, तिच्या दृष्टीने जादूगारांच्या शाळेची गोष्ट ही निव्वळ करमणूक असू शकत नाही. तिने आपल्या मुलाला ती गोष्ट देऊ नये, त्यामागचे कारण समजावून सांगावे, शिक्षकाशी बोलावे. हा तिचा अधिकार आहे आणि लोकशाहीने तो जपलाच पाहिजे. वाद येथवर नाहीच. तीच आई जेव्हा म्हणते, की माझ्या मुलाने वाचू नये म्हणून शेजारणीच्या मुलालाही ते पुस्तक मिळता कामा नये, तेव्हा वाद सुरू होतो. त्या क्षणी ती पालक राहत नाही. ती सेन्सॉर बनते. आणि शाळामंडळ तिच्या हाती सरकारी शिक्का देते, तेव्हा एका घराची श्रद्धा साऱ्या गावाचा कायदा होते.

त्यातही धर्माच्या वतीने बोलण्याचा मक्ता कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे कर्ते टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. नार्नियाच्या कथा लिहिणारे सी. एस. लुइस हे ख्रिस्ती धर्माचे नामांकित भाष्यकार होते. मॅडलिन लेंगल या श्रद्धाळू ख्रिस्ती लेखिकेच्या ‘अ रिंकल इन टाइम’ या कादंबरीला १९६३ साली बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले, आणि त्याच कादंबरीवर पुढे ती ख्रिस्ती धर्माला विरोधी असल्याचा आक्षेप वारंवार घेतला गेला. म्हणजे एका ख्रिस्ती मनुष्याला ज्या कथेत ईश्वराची करुणा दिसते, तीत दुसऱ्याला सैतानाचे शेपूट दिसते. अशा वेळी शाळेने कोणाचे ऐकावे? जो मोठ्याने ओरडेल त्याचे? धार्मिक कारणाने घातलेली बंदी ही धर्माचे रक्षण क्वचितच करते. बहुधा ती एका पंथाला दुसऱ्या पंथाच्या डोक्यावर बसवते.

दुसरा प्रश्न झळ कोणाला बसते हा आहे. ज्या घरी पुस्तके विकत घेण्याची ऐपत आहे, त्या घरच्या मुलाचे शाळेतील बंदीने फारसे बिघडत नाही. ते दुकानातून पुस्तक आणते, रात्री वाचते आणि बंदीमुळे त्याला उलट अधिक गोडी लागते. ज्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाटच नाही, त्याला शाळेचे कपाट हेच एकमेव कपाट असते. त्याला कुलूप लागले की त्या मुलापुरते ते पुस्तक जगातून नाहीसे होते. आईबापांच्या सहीची अटही अशीच विषम आहे. दोन पाळ्यांत राबणाऱ्या, शाळेच्या कागदांना बिचकणाऱ्या, किंवा ज्यांना ती भाषाच वाचता येत नाही अशा मायबापांचे मूल चिठ्ठी मागतच नाही. बंदी सर्वांना सारखी दिसते. प्रत्यक्षात ती गरिबाच्याच वाट्याला येते.

येथे महाराष्ट्रातील पुरोगामी वाचकाच्या मनात वेगळी शंका येणे स्वाभाविक आहे. अंधश्रद्धेशी झुंजण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी जादूच्या पुस्तकांची कड का घ्यावी? मंत्राने दार उघडते असे वाचणारे मूल उद्या बुवाच्या दारात उभे राहणार नाही कशावरून? शंका प्रामाणिक आहे. पण तीत बुवा आणि कथाकार यांची गल्लत आहे. बुवा म्हणतो, हे खरे आहे, विश्वास ठेव आणि पैसे टाक. कथाकार म्हणतो, समज की असे झाले असते. ‘समज’ या एका शब्दात सारा फरक आहे. ज्या मुलाला ‘समज’ म्हणण्याची सवय लागली, ते खरे आणि मानलेले यांतील रेषा ओळखायला शिकते. आणि ही रेषा ओळखता येणे म्हणजेच विवेकाची पहिली इयत्ता होय. वेताळ राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. ‘चांदोबा’तून ती गोष्ट वाचलेल्या पिढ्यांनी स्मशानात जाऊन प्रेते खांद्यावर घेतली नाहीत, त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर शोधले.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही हाच भेद जाणून. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर तो प्रथम वटहुकूम म्हणून आला. हा कायदा अमानुष कृत्यांवर आणि फसवणुकीवर बोट ठेवतो; दिवंगत संतांच्या चमत्कारकथा सांगण्यास त्याने स्पष्टपणे मोकळीक दिली आहे. जेथे माणसाचे शोषण होते तेथे हात घालावा आणि कथेला हात लावू नये, ही मर्यादा त्यात आहे. अंधश्रद्धाविरोधाच्या नावाखाली परीकथा बंद करणारा आणि धर्माच्या नावाखाली ती बंद करणारा हे दोघे वेगवेगळ्या दारांनी येऊन एकाच खोलीत बसतात. दोघांचाही मुलाच्या बुद्धीवर विश्वास नसतो.

या लढ्यात न्यायालयावर किती विसंबावे, हा कटू प्रश्नही टाळता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळामंडळाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मंडळाविरुद्ध निकाल दिला. केवळ विचार आवडत नाहीत म्हणून ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे न्या. ब्रेनन यांनी लिहिले. पण त्या भूमिकेला न्यायालयात स्पष्ट बहुमत मिळाले नव्हते. टेनेसीतील हॉकिन्स परगण्यात काही पालकांनी १९८३ साली शालेय वाचनमालेवर धार्मिक आक्षेप घेतला, तेव्हा अपील न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले, की एखादा विचार वाचायला लावणे म्हणजे तो मानायला लावणे नव्हे. वारे आता फिरले आहे. जून २०२५ मध्ये मेरीलँडमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, समलिंगी व्यक्तींविषयीच्या गोष्टींच्या पाठांतून धार्मिक कारणास्तव आपली मुले बाजूला काढण्याच्या पालकांच्या मागणीला अंतरिम संरक्षण दिले. त्याआधी महिनाभर टेक्सासमधील एका प्रकरणात पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके काढली म्हणून वाचकाला घटनेच्या आधारे दाद मागता येणार नाही असे ठरवले. कायद्याची छत्री अशी कोणत्या पावसात मिटेल याचा नेम नसतो.

म्हणून भरवसा ठेवायचा तो सीडरव्हिलच्या त्या पंधरा जणांवर. न्यायाधीशांनी नऊ-दहा महिन्यांनी जे सांगितले ते त्यांनी कोणत्याही कायदेपंडिताविना आधीच सांगितले होते. त्यांचे काम कोणत्याही गावाला करता येण्यासारखे आहे. तक्रार लेखी घ्यावी. तक्रार करणाऱ्याने आणि निर्णय देणाऱ्यांनी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचावे. शिक्षक, पालक, ग्रंथपाल यांनी एकत्र बसून विचार करावा. निर्णय लागेपर्यंत पुस्तक जागेवर राहावे. निर्णयाची कारणे चारचौघांत सांगावीत. आणि समितीने एकमताने दिलेला कौल मंडळातील तिघांच्या लहरीने उलथू नये. ज्या पालकाचा आक्षेप कायम राहील त्याच्या मुलाला दुसरे पुस्तक द्यावे, सन्मानाने द्यावे. त्यापलीकडे जाण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ज्या श्रद्धेला लहान मुलांच्या गोष्टीतील झाडूवरून उडणाऱ्या पोराचे भय वाटते, तिने त्या पोराला जाळण्यापूर्वी स्वतःच्या मुळांकडे पाहावे. खोलवर गेलेली मुळे गोष्टीने उखडत नाहीत. उथळ असतील तर कुलूपही त्यांना वाचवणार नाही. मधल्या मध्ये त्या कुलूपबंद कपाटासमोर एक मूल मात्र रिकाम्या हाताने उभे राहील.