सुधारणा-मंडळांचें सोंवळें

आळींतील घरवाल्यांनीं एकत्र यावें, गटारें वाहतीं ठेवावीं, रस्त्यावरचे दिवे लागतात कीं नाहीं तें पाहावें, कोणी रात्रीं-अपरात्रीं ढोल बडवूं लागला तर त्याला चार शब्द समजुतीचे सांगावे, यास नाहीं कोण म्हणेल? म्युनिसिपालिटीच्या तोंडाकडे पाहत बसण्यापेक्षां आपल्या दारापुढची घाण आपण काढावी, हें आम्ही नेहमींच सांगत आलों आहों. तेव्हां घरमालकांच्या मंडळांवर लेखणी उचलली म्हणून कोणी आमच्यावर रागावूं नये. झाडू हातीं घेतल्यावर मंडळ घाण म्हणून कशाकशाला झाडतें, तें मात्र पाहिलें पाहिजे.

अशा मंडळांचें माहेरघर अमेरिका. तेथें त्यांना ‘इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेंत सुधारणा-मंडळ. वाचक म्हणतील, अमेरिकेच्या गल्लीबोळांशीं शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या पत्राला काय करावयाचें आहे? तर जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहिलें आणि तें अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या गुलामांना मोकळें केलें त्यांना अर्पण केलें. आमच्या लोकांनीं त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा. ज्यांचा कित्ता आम्हांला घालून दिला, त्यांच्या नातवंडांनीं पुढें पाटीवर काय खरडलें, हें विचारण्याचा आमचा हक्क आहे.

मिसुरी संस्थानांत सेंट लुईस नांवाचें शहर आहे. काळ्या-गोऱ्यांच्या आळ्या वेगळ्या करणारा कायदा तेथील नागरिकांनीं १९१६ सालीं मतें देऊन पसंत केला. पुढल्याच वर्षीं लुईव्हिल शहराच्या तसल्याच कायद्यावरून तंटा वरिष्ठ कोर्टांत गेला, आणि असा कायदा करतां येत नाहीं असा निकाल लागला. सरकारला करतां येत नाहीं काय? मग आम्ही खाजगी करूं, असें घरवाल्यांनीं ठरविलें. युक्ति हातचीच होती. त्या शहरांतील लॅबडी अव्हेन्यू या रस्त्यावरच्या (नांव ऐकून मराठी कानाला भलताच शब्द आठवला तर तो आमचा दोष नव्हे) ३९ मालकांपैकीं ३० जणांनीं १९११ सालींच एका कागदावर सह्या केल्या होत्या. पुढचीं ५० वर्षें या जागेंत नीग्रो किंवा मंगोल वंशाच्या माणसाला राहूं द्यावयाचें नाहीं, असा तो करार. आपल्याकडे सात-बाऱ्यावर बोजा चढतो आणि जमीन कोणी विकत घेतली तरी बोजा तिला चिकटून राहतो, त्यांतलाच हा प्रकार. कर्जाचा बोजा मात्र माणूस राबून फेडतो. हा जन्माचा बोजा कसा फेडावयाचा? १९२६ सालीं वॉशिंग्टन शहरच्या एका खटल्यांत वरिष्ठ कोर्टानें असल्या करारांत हात घालण्याचें नाकारलें. मग काय विचारतां! शहरोशहरीं मंडळांचे लोक दारोदार सह्या गोळा करीत हिंडूं लागले.

१९४५ सालीं जे. डी. शेली नांवाच्या काळ्या गृहस्थानें लॅबडी रस्त्यावर घर विकत घेतलें. मिसिसिपीकडून पोट भरावयास आलेला, पदरीं सहा मुलें. घर घेतांना त्या जुन्या करारनाम्याची त्याला दादही नव्हती. मार्कस अव्हेन्यू इम्प्रूव्हमेंट असोसिएशन या मंडळाचें पाठबळ घेऊन क्रेमर नांवाच्या दांपत्यानें त्याला घराबाहेर काढण्यासाठीं फिर्याद केली. खालच्या कोर्टानें सर्व मालकांच्या सह्या नाहींत म्हणून करार पुरा झाला नाहीं असें म्हटलें; संस्थानच्या वरिष्ठ कोर्टानें १९४६ सालीं तें फिरविलें. या खटल्याच्या कागदांत एक मौजेची गोष्ट आहे. ज्या टापूचें सोंवळें राखावयाचें म्हणून एवढा आटापिटा, त्या टापूंत सह्या झाल्या त्या दिवशींच पांच जागा काळ्या मालकांच्या होत्या, आणि त्यांपैकीं एका घरांत तर काळीं कुटुंबें १८८२ पासून राहत होतीं! म्हणजे शेजार एकोणतीस वर्षांचा जुना आणि सोंवळें कालचें. आमच्याकडील पुष्कळशा ‘सनातन’ चालींचा जन्मदाखला मागितला तर असेंच कांहीं निघेल.

आतां या मंडळांची खरी परीक्षा सांगतों. १९२७ सालीं शिकागोच्या घर-दलालांच्या मंडळीनें अशा कराराचा एक नमुना तयार करून दिला आणि तो त्या शहरांत पुष्कळ चालला. काळ्या माणसानें या जागेंत राहूं नये, असें त्यांत खणखणीत लिहून लगेच खालीं सवलत ठेविली होती: इमारतीची झाडलोट करणारा, मोटार हांकणारा, घरगडी हे चाकरींत असतील तोंवर तळघरांत किंवा मागच्या तबेल्यांत-गॅरेजांत राहिले तरी चालतील. वाचकहो, ही सवलत पुन्हां एकदां वाचा. काळ्या बाईच्या हातची भाकरी चालते, तिनें गोरें मूल न्हाऊं घातलेलें चालतें, तिचा नवरा मागच्या अंगाला झोपलेला चालतो. तोच नवरा पैसे मोजून पुढच्या दाराची किल्ली मागूं लागला कीं आळीचा दर्जा घसरतो. मग विटाळ अंगाचा होता कीं किल्लीचा? आमच्या गांवांतही धान्य पिकविणारा, जोडा शिवणारा, मेलेलें ढोर ओढणारा या सर्वांवांचून वाड्याचा एक दिवस निघत नसे. त्यांचे हात चालत, पण त्यांनीं ओट्यावर बसलेलें चालत नसे. समुद्रापलीकडे मनुस्मृति कोणी वाचली नव्हती. तरी तेंच कलम तेथें दलालाच्या कचेरींत लिहिलें गेलें. धर्माचें नांव निघालें काय आणि दर्जाचें निघालें काय, फुकट किंवा स्वस्त राबणारा माणूस हाताशीं हवा पण मांडीला मांडी लावून बसावयास नको, हा हिशेब दोहोंकडे एकच.

कोणी म्हणतील, गरीब व अडाणी लोक आले म्हणजे आळी बिघडते, ही भीति कांहीं खोटी नाहीं. बरें, डेट्रॉइटचे ऑसियन स्वीट तर डॉक्टर होते. त्यांनीं १९२५ सालीं घर घेतलें तेव्हां त्यांना येऊं न देण्यासाठीं वॉटरवर्क्स पार्क इम्प्रूव्हमेंट असोसिएशन नांवाचें मंडळ उभें राहिलें. घराभोंवतीं जमाव जमला, दगड पडले, आंतून गोळ्या सुटल्या आणि बाहेरचा एक माणूस ठार झाला. अकरा जणांवर खुनाचा आरोप. क्लॅरेन्स डॅरो या नामांकित वकिलानें बचाव केला, व १९२६ सालीं ज्यूरीनें डॉक्टरांच्या भावाला निर्दोष सोडल्यावर बाकीच्यांचे खटलेही पुढें बारगळले. डॉक्टरांत दर्जाचें काय कमी होतें? आणि आमच्या डॉ. आंबेडकरांत काय कमी होतें? अमेरिकेंतच कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेला हा विद्वान् १९१७ सालीं बडोदें सरकारच्या चाकरीवर गेला, तर त्या शहरांत त्याला खोली मिळेना. पारशांच्या वसतिगृहांत उतरला, तेथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनीं बाहेर काढला. विद्या, कपडे, पगार, सर्व कांहीं दर्जाचें. फक्त जन्म चुकला!

दुसरा मुद्दा किंमतीचा. काळा शेजारी आला कीं घरांचे भाव पडतात, म्हणून आम्ही आपली पुंजी सांभाळतों, असें मंडळवाले म्हणत. पण भाव पाडीत कोण होतें? दलालांच्या राष्ट्रीय संघानें १९२४ सालीं आपल्या आचारसंहितेंतच घातलें कीं ज्या वंशाच्या माणसांमुळें घरांच्या किंमतीला बाध येईल त्यांना दलालानें त्या आळींत घुसवूं नये. घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्यानें १९३८ च्या आपल्या नियमपुस्तकांत वंशबंदीच्या करारांची शिफारस केली. काळा शेजारी आल्याबरोबर कर्ज बंद. कर्ज बंद म्हणून गिऱ्हाईक बंद. गिऱ्हाईक नाहीं म्हणून भाव खालीं. घाबरलेल्या गोऱ्यांचीं घरें दलाल मातीमोलानें घेत आणि दुसरीकडे जागा न मिळणाऱ्या काळ्यांना चढ्या भावानें विकीत. विहिरीला कुलूप घालावयाचें आणि मग तुम्ही घाणेरडे राहतां म्हणून नाक मुरडावयाचें, हा धंदा आम्हांला चांगला ओळखीचा आहे.

३ मे १९४८ रोजीं शेलीचा निकाल वरिष्ठ कोर्टांत लागला. नऊ न्यायाधीशांपैकीं तिघे बाजूला बसले. कारण त्यांनीं सांगितलें नाहीं, पण त्यांच्याच घरांवर असले करार होते असा समज आहे. उरलेल्या सहांनीं एकमतानें सांगितलें कीं घरवाल्यांनीं आपसांत काय वाटेल तें लिहावें, परंतु तें अमलांत आणण्यास सरकारी कोर्ट हात लावणार नाहीं. शेलीचें घर वांचलें. घर विकतांना वंश पाहण्यासच कायद्यानें बंदी व्हावयास मात्र १९६८ साल उजाडलें. पुढें तेथील मंडळांचें लक्ष गवताच्या उंचीवर, भिंतीच्या रंगावर आणि अंगणांत वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलें. कपडे उन्हांत वाळविण्याचा हक्क कायद्यानें राखण्याची पाळी कांहीं संस्थानांवर आली! धुतलेल्या लुगड्यानेंही ज्यांचा दर्जा जातो, त्यांच्यापुढें आम्ही काय बोलावें?

हें सर्व परमुलुखाचें झालें, म्हणून आमच्या वाचकांनीं सुस्कारा टाकूं नये. मुंबईंत गांवदेवीला १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं सहकारी घरबांधणीची सोसायटी काढली. या शहरांतील तो पहिला प्रयत्न, आणि भाड्याच्या कचाट्यांतून मध्यम स्थितीच्या माणसाला सोडविणारा म्हणून चांगलाच. पण सहकाराची वीट जातीच्या भट्टींतून निघाली, ती निघालीच. २००५ सालीं आमच्या सुप्रीम कोर्टानें अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यांत सभासदत्व पारशांपुरतें ठेवणारा पोटनियम मान्य केला. पारशी समाज मूठभर आहे, तो आपली वस्ती राखूं पाहतो, हें आम्ही समजूं शकतों. परंतु मूठभरांसाठीं धरलेल्या त्या छत्रीखालीं आतां मोठमोठे समाज उभे आहेत, हें कसें नाकारावें? मुंबईंत मांस-मच्छी खाणाऱ्याला कित्येक इमारतींत घर मिळत नाहीं. ज्या बेटांवर कोळी सर्वांच्या आधींचे रहिवासी, तेथें मासळीचा वास हा दर्जाला बाध! लॅबडी रस्त्यावरच्या १८८२ च्या घराची आठवण येते ती उगीच नाहीं. आणि कामवाल्या बायांसाठीं, डबेवाल्या-पार्सलवाल्यांसाठीं वेगळी लिफ्ट ठेवणाऱ्या इमारती पाहिल्या कीं शिकागोच्या नमुन्यांतील तें तळघराचें कलम आठवतें.

येथवर वाचून आमचे मराठा, माळी, धनगर बंधू माना डोलवीत असतील, तर त्यांनीं जरा थांबावें. आपल्या लोकांची सोसायटी झाल्यावर महाराला, मांगाला, मुसलमानाला ‘खोली नुकतीच गेली’ असें सांगतांना आमची जीभ कितीशी अडखळते? ब्राह्मणाच्या वाड्याबाहेर उभें राहून आम्हीं जो धडा घेतला, तो आपला वाडा झाल्यावर दुसऱ्यावर गिरवूं लागलों, तर जोतीरावांचें नांव घेण्याचा आम्हांला अधिकार उरला काय? १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हां भोंवतालच्या आळीचा दर्जा किती घसरला असें शेजाऱ्यांनीं म्हटलें असेल, त्याची कल्पना करावी.

नियम करा, आणि कडक करा. कचरा जिन्यांत टाकला तर दंड, वर्गणी थकविली तर व्याज, रात्रीं कर्णा लावला तर तक्रार. माणसानें काय करावें व काय करूं नये याविषयीं मंडळ हवें तेवढें लिहो. तो कोणाच्या पोटीं जन्मला आणि आपल्या चुलीवर काय शिजवितो याविषयीं एक ओळही नको. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याचें २३ वें कलम पात्र माणसाला सबळ कारणावांचून सभासदत्व नाकारूं नये असें सांगतें. तें किती जणांनीं वाचलें आहे? सोसायटीची वार्षिक सभा भरेल तेव्हां चहा-बिस्किटें संपण्यापूर्वीं कोणी तरी उठून तें मोठ्यानें वाचावें. ज्या वाचकांच्या सोसायटीच्या अर्जांत किंवा भाडेकरूच्या कागदांत जात, धर्म वा जेवण यांचा रकाना असेल, त्यांनीं त्या कागदाची नक्कल आमच्याकडे पाठवावी. पाठविणाराचें नांव गुप्त ठेवूं. रकाना मात्र जशाचा तसा छापूं.