दहावीचें इंग्रजी आणि गवंड्याची थैली

दिवाळी सरली कीं आमच्या शेतकरी व कारागीर घरांतून एक नवा खर्च उभा राहतो. मुलगा दहावीस आहे, मुलगी दहावीस आहे. इंग्रजीचें कसें व्हावयाचें? शेजारी म्हणतो, अमक्या क्लासांत घाला. दुकानदार म्हणतो, हा अपेक्षित प्रश्नसंच घ्या, यांतलेंच येतें. आणि बाप भाताचे पैसे हातीं येतांच आधीं तिकडे मोजतो. गणिताची धास्ती असतेच, पण गणितांत बापाला निदान हिशेब समजतो. इंग्रजीच्या वहीपुढें मात्र तो देवळांत उभा राहावा तसा हात जोडून उभा राहतो, आणि जो कोणी पुजारी भेटेल त्याच्या पदरांत दक्षिणा टाकतो.

बंधूंनो, ही धास्ती निम्मी खोटी आहे. इंग्रजीच्या व्याकरणाचा आणि शब्दांचा सराव आपल्या घरीं, आपल्या बोलींतून होऊं शकतो, आणि त्यावर देखरेख ठेवण्यास इंग्रजी न येणारी आईहि पुरेशी आहे. हें कसें, तें सांगण्यासाठींच हा लेख.

प्रस्तुत लेखक प्राथमिक शाळेचा मास्तर. अध्यापक विद्यालयांत मराठींतूनच शिकलेला. माझें इंग्रजी साहेबी नव्हे. परंतु शहाडचा पूल ओलांडून मुरबाड रस्त्यानें गेलें म्हणजे म्हारळ, वरप, कांबा हीं जीं गांवें लागतात, त्या बाजूचीं मुलें संध्याकाळीं वह्या घेऊन येतात. ती वही कोठें अडते हें मीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे.

प्रथम परीक्षेंत काय विचारतात तें पाहूं. बोर्डाची लेखी परीक्षा 80 गुणांची, बाकीचे 20 गुण शाळेकडे. मराठी माध्यमाच्या मुलांची जी कृतिपत्रिका, तिच्या पहिल्याच प्रश्नांत भाषेच्या अभ्यासाला 10 गुण असतात, आणि अखेरीस भाषांतराला 5. पहिल्या प्रश्नांत काय असतें? गाळलेलीं अक्षरें भरून शब्द पुरा करा. चार शब्द वर्णानुक्रमानें लावा. एका मोठ्या शब्दांतल्या अक्षरांतून चार लहान शब्द काढा. शब्दांची सांखळी करा, म्हणजे पहिल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरानें पुढचा शब्द. ह्या तर आपल्या भेंड्याच झाल्या! लग्नाच्या मांडवांत ज्या घरच्या बाया रात्रभर भेंड्या खेळतात, त्या घरच्या मुलीला शब्दांची सांखळी जड जावी, ही गोष्ट बुद्धीची नव्हे. तिला कोणी सांगितलेंच नाहीं कीं, बाई, हें तेंच आहे.

आणखी एक प्रश्न असतो: दिलेल्या विषयाशीं जुळणारे चार शब्द लिहा. विषय कधीं दवाखाना, कधीं बाजार, कधीं बांधकाम. येथें गवंड्याच्या मुलानें पेन तोंडांत धरून वर पाहत बसावें काय? त्याच्या बापाच्या थैलींत थापी आहे, ओळंबा आहे, आणि तोंडांत दिवसभर बीम, कॉलम, स्लॅब, प्लास्टर, लेव्हल, टाईल, पाईप, सिमेंट. हे सारे शब्द इंग्रजी. वायरमनच्या पोराला फेज, न्यूट्रल, अर्थिंग पाठ आहे; पण तें अर्थिंग आणि पुस्तकांतला पृथ्वी या अर्थाचा ‘अर्थ’ हे एकाच घरचे, हें त्याला दहा वर्षांत कोणी बोललें नाहीं. शिंप्याच्या घरीं कॉलर, कफ, बटन, हूक. शेतांत मोटर, व्हॉल्व्ह, स्प्रेपंप. आईच्या चुलीपाशीं कुकर आणि सिलिंडर. शब्द घरांत आहेत. नाहीं तें त्यांचें स्पेलिंग. तेव्हां नवे शब्द विकत आणण्याआधीं घरांतले शब्द वहींत उतरवा. बापानें शब्द सांगावा, मुलानें स्पेलिंग शब्दकोशांत शोधावें. महिनाभरांत शंभराच्या वर शब्द होतात, आणि मुलाच्या मनांतून ‘इंग्रजी म्हणजे परकें’ हें भूत निघतें. तें निघणें मला शंभर शब्दांहून मोलाचें वाटतें.

आतां भाषांतराचे 5 गुण. पांच गुण म्हणून पुष्कळ शाळांतून यांकडे कोणी पाहत नाहीं. कांहीं शिक्षणपंडितांचें तर मत असें कीं, इंग्रजी इंग्रजींतूनच शिकवावें, मध्यें मराठी आणूं नये, भाषांतर ही जुनी खोड आहे. ज्यांच्या घरीं आई इंग्रजी बोलते, टेबलावर इंग्रजी वर्तमानपत्र पडतें, त्यांच्यापुरतें तें खरें असेल. आमच्या मुलाला दिवसांतून एक तास इंग्रजी कानीं पडतें, तेंहि मास्तर दुसऱ्या कामावर धाडले गेले नसतील तर. त्याच्याजवळ वर चढायला एकच शिडी आहे, ती मराठीची. ती काढून घ्यावी आणि मग म्हणावें, हा वर येत नाहीं; हा न्याय कोणता?

ज्या काळीं इंग्रजीचे दरवाजे आपल्या लोकांस खरोखरच बंद होते, त्या काळीं आंत शिरलेले लोक कसे शिरले तें पाहा. रामजी सुभेदार सकपाळ पलटणीच्या शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं आपल्या भीमाला इंग्रजी शिकवितांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करवून घेतली. मराठी वाक्य समोर ठेवावें, त्याला नेमका इंग्रजी शब्द कोणता बसतो तें शोधावें, चुकलें तर पुन्हां. तोच मुलगा 1907 सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाला, 750 पैकीं 282 गुणांनीं. शेंकडा 38 सुद्धां नव्हेत. पुढें त्याच मुलानें कोलंबिया विद्यापीठांत आणि लंडनला इंग्रजींत ग्रंथ लिहिले. पाया मराठी वाक्याचा होता, आणि बापाच्या चिकाटीचा.

व्याकरणाचेंहि तसेंच. नियम पाठ करून मुलगा नियम म्हणतो, वाक्य चुकतो. कारण चूक जेथें होते ती जागा मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिवेवर असते. तेथें दगड रोवून दाखविला पाहिजे. आपण ‘घरांत’ म्हणतों, आंतला ‘त’ घराच्या मागें लागतो. इंग्रजींत ‘इन’ घराच्या पुढें उभा राहतो. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, त्यांचें कर्त्याच्या पाठोपाठ. आपण प्रत्येक गोष्टीला एक ‘ना’ लावतों: तो आला ना? तूं जेवलास ना? त्या शिकतात ना? इंग्रजींत ह्या एका ‘ना’ ला प्रत्येक वेळीं कपडे बदलावे लागतात. वाक्य होकारी तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी, आणि कर्ता बदलला कीं शेपूटहि बदललें.

‘मी काल आलों नाहीं’ याचें इंग्रजी मुलें हटकून ‘आय डिड नॉट केम’ असें करतात. त्यांस तांबडी रेघ मारून उपयोग नाहीं. सांगावें कीं, बाळा, भूतकाळ एका वाक्यांत एकदांच घ्यावयाचा. तो ‘डिड’ नें घेतला, आतां ‘कम’ ला मूळ रूपांतच राहूं दे. एकदां समजलें कीं मुलगा जन्मांत विसरत नाहीं.

दुसऱ्याचें बोलणें आपल्या वाक्यांत सांगण्याचा प्रकार परीक्षेंत हमखास येतो, आणि तेथें तर आमचीं मुलें ढिगानें पडतात. त्याचें कारण साधें आहे. मराठींत आपण म्हणतों, ‘राम म्हणाला कीं मी उद्यां येतों.’ मी म्हणजे राम, हें ऐकणाऱ्यास कळतें. इंग्रजींत तो ‘मी’ चालत नाहीं. त्याचा ‘तो’ करावा लागतो, ‘येतों’ चें मागच्या काळांत न्यावें लागतें, ‘उद्यां’ चें ‘दुसऱ्या दिवशीं’ करावें लागतें. मुलगा जें करतो तें चुकीचें मराठी नव्हे, अस्सल मराठी आहे. फक्त इंग्रजीला तें मानवत नाहीं. एवढें समजावून सांगणारा मास्तर मिळाला तर नियमांचें पान वाचावें लागत नाहीं.

आणि कर्मणि प्रयोग! ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असें लिहून देतांच मुलें हंसतात, कारण असें कोणी बोलत नाहीं. मग मीं फळ्यावर लिहितों: ‘काम बंद ठेवण्यांत येत आहे.’ वर्गांत शांतता होते. हें वाक्य ह्या मुलांच्या घरीं ठाऊक आहे. मोहन्याचा एनआरसी कारखाना 2009 सालीं बंद पडला; त्याआधीं बापामागून मुलगा फाटकांतून आंत जाईल असा ह्या पट्ट्यांत घरोघर भरंवसा असे. आतां पोरांस विचारा, काम बंद ठेवण्यांत येत आहे तर ठेवतो कोण? वाक्यांत तो कोठें आहे? नाहीं. कर्मणि प्रयोगाचा हाच उपयोग. करणाऱ्याला वाक्यांतून बाहेर काढतां येतें. नोटिसा, करारनामे, बँकेचे कागद बहुतेक ह्याच प्रयोगांत असतात. जो मुलगा अशा वाक्यांत कर्ता कोण हें शोधावयास शिकला, त्याला गुण तर मिळतीलच, पण उद्यां कंत्राटदार इंग्रजी कागद पुढें सारून ‘कर सही’ म्हणेल तेव्हां तो आधीं वाचील. इंग्रजी आपल्याला हवें तें यासाठीं. जोतीरावांनीं 1847 च्या सुमारास टॉमस पेनचें ‘राईट्स ऑफ मॅन’ इंग्रजींतून वाचलें. तें चारचौघांत मिरविण्यासाठीं खास नव्हे.

आणखी एका गोष्टीविषयीं मला बोललेंच पाहिजे. आमच्या भागांतलीं आगऱ्यांचीं मुलें घरीं ‘शाळा’ ला ‘शाला’ म्हणतात, ‘डोळा’ ला ‘डोला’, ‘पाणी’ ला ‘पानी’. वर्गांत हंसें होतें. हंसें झालें कीं मुलगा गप्प बसतो. मराठींत गप्प बसलेला मुलगा इंग्रजींत तोंड कसें उघडील? वास्तविक हा मुलगा तिसरी भाषा शिकत आहे: घरची बोली एक, पुस्तकी मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. शहरांतल्या पांढरपेशा मुलाहून याची मेहनत एका भाषेनें अधिक. जे शिक्षक त्याच्या उच्चारावर हंसतात त्यांनीं स्वतःचें इंग्रजी एखाद्या साहेबाला ऐकवून पाहावें.

2000 सालापासून राज्यांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीच्या मुलानें दहा वर्षें इंग्रजी शिकलेलें असतें. त्यापूर्वींची पिढी पांचवीपासून शिके. इतक्या वर्षांचें शिकणें जर अखेरच्या तीन महिन्यांत क्लासवाल्यानेंच तारावयाचें असेल तर त्या वर्षांत काय झालें, हा प्रश्न पालकांनीं शाळेंत जाऊन विचारला पाहिजे. तो आपण विचारीत नाहीं. फी मात्र मुकाट भरतों. त्यांतहि मुलासाठीं क्लास, आणि मुलीला ‘तूं घरींच वाच’. दोघांस परवडत नसेल तर दोघांस घरीं बसवा आणि खालीलप्रमाणें करा.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे रोज मराठी पांच वाक्यें, तीं मुलानें स्वतःच्या दिवसांतलीं लिहावींत: आज पंप चालूं झाला नाहीं, आई बाजारांतून उशीरां आली, असलीं. उजवीकडे त्यांचें इंग्रजी. दुसऱ्या दिवशीं डावी बाजू हातानें झांकावी आणि इंग्रजी वाचून मराठी तोंडीं सांगावें. येथें आईचें काम. तिला इंग्रजी येत नाहीं, पण कालचें मराठी वाक्य तिला ठाऊक आहे. मुलगा अडखळला कीं तिला समजतें. जेवढें अडलें तेवढ्यावर खूण करावी आणि शाळेंत विचारावें. कसाऱ्याच्या लोकलमधून जाणाऱ्यानें स्टेशनाची सूचना कान देऊन ऐकावी. मराठी, हिंदी, इंग्रजी असें तिन्ही भाषांत तेंच वाक्य सांगतात, फुकटची भाषांतर पाठमाला आहे ती. जाडजूड व्याकरणाचीं पुस्तकें, रेन आणि मार्टिनसारखीं, घरांत असलीं तर असूं द्यावींत. अडेल तेथें उघडून पाहण्यापुरतीं. त्यांतले सगळे अभ्यास पहिल्या पानापासून सोडवीत बसलेला मुलगा मीं पौषांत पुस्तक मिटतांना पाहिला आहे.

जुने प्रश्नसंच जानेवारींत घ्यावे, त्याआधीं नको. घड्याळ लावून सोडवावे. गांवांत दोनचार जणांनीं मिळून एकच संच घेतला तरी भागतें. उत्तरें कोऱ्या कागदावर लिहावींत म्हणजे तो पुढच्या वर्षींच्या मुलांस जातो. समाजमंदिराची खोली संध्याकाळीं सात ते नऊ रिकामीच असते. किल्ली ज्याच्याकडे असेल त्यानें ती द्यावी, आणि वीजबिलाची वांटणी घरटी करावी. वही मात्र दोनशें पानी घ्या. शंभर पानी निम्म्यावरच संपते.